ओकी बेटावर न पाठवलेला माणूस

कियोताने नावाच्या गुरुजींना जाऊन वीस वर्षं झाली, तेव्हा कुठे जपानच्या दरबाराला त्यांची भीती वाटायला लागली. जिवंत होते तेव्हा कुणाला वाटली नाही. तेव्हा दोन कारकून आणि चार शिपाई एवढ्यांनी मिळून त्यांना घराबाहेर काढलं आणि पश्चिमेच्या टोकाला एका गळक्या घरात नेऊन टाकलं. गुन्हा काय, तर शेंडेनक्षत्राचा अर्थ राजघराण्याच्या वाईटावर सांगितला. खरं म्हणजे गुरुजींनी आकाशात दिसलं ते सांगितलं होतं. पण साऱ्या राजधानीत त्यांच्याइतके चिनी ग्रंथ पचवलेला माणूस दुसरा नव्हता, आणि तेच काहींच्या पोटात दुखत होतं. दोन वर्षांत गुरुजी तिथंच गेले.

मग सुरू झालं. त्यांची चहाडी करणाऱ्यांतला एक शिकारीत घोड्यावरून पडून गेला. दुसऱ्याच्या अंगावर पुरळ उठलं आणि तो आठवड्यात आटोपला. दरबाराच्या छपरावर वीज पडली. शेवटी युवराज तापानं गेले, तेव्हा सगळे ज्योतिषी एकमुखानं म्हणाले, हे मेलेल्या कियोतानेंचंच काम.

मग काय विचारता. त्यांची पदवी परत आली, वर एक पायरी जास्तीची मिळाली, उत्तरेच्या वेशीबाहेर त्यांचं देऊळ उठलं, गुरुजी देव झाले. आणि सहाव्या महिन्यात एका सकाळी मंत्र्यांच्या चौकात, सगळ्या दरबारासमक्ष, त्यांच्या हद्दपारीचा हुकूम जाळण्यात आला. नुसता हुकूम नाही, त्याच्या नकला, टाचणं, रोजनिश्यांमधल्या नोंदीसुद्धा. म्हणजे हद्दपारी मागे घेतली असं नव्हे हं. ती झालीच नव्हती असं ठरलं. आणि तसं देवाला लेखी कळवण्यात आलं.

ही बातमी घेऊन दूत शहराच्या पश्चिम अंगाला, दलदलीच्या बाजूला, ताकिकोच्या घरी आला. ताकिको ही गुरुजींची धाकटी मुलगी, आता चव्वेचाळीसची. हद्दपार माणसाच्या मुलीशी लग्न कोण करणार? कुणी केलं नाही. ती आणि कुरे नावाची तिची म्हातारी दाई, अशा दोघी अळू लावून पोट भरत होत्या. दूतानं वाचून दाखवलं. ताकिकोनं डोकं जमिनीला टेकवलं, रीतीप्रमाणे तीन वेळा. मग तिनं विचारलं, ‘आणि माझा भाऊ?’

‘कोणता भाऊ?’ दूत म्हणाला.

तिला वाटलं, त्याला ठाऊक नसेल. पोरगेलासाच होता तो.

यासुकाता तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. वडिलांना पश्चिमेला पाठवणाऱ्या त्याच कागदाच्या शेवटच्या ओळीत त्याला ओकी बेटावर पाठवलं होतं. तेव्हा तो पंचवीसचा होता. बावीस वर्षं झाली. वर्षातून एखादं पत्र यायचं, वाटेत दोघा-तिघांनी उघडून वाचलेलं. या वसंतातल्या पत्रात लिहिलं होतं: खोकला आता छातीत उतरलाय. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या कोळ्यानं सांभाळलं, तो वारला. येता हिवाळा निभेल असं वाटत नाही. ताकी, अळूच्या पानांवरचं पाणी अजून बघत बसतेस का?

दहाव्या महिन्यात ओकीचा समुद्र बंद होतो, तो तिसऱ्या महिन्यापर्यंत होडी जात नाही. म्हणजे हातात चार महिने होते. ताकिकोनं हिशेब केला आणि तिला हायसं वाटलं. ज्या हुकमानं दादाला नेलं तो हुकूमच राख झाला, मग राहिलं काय?

दुसऱ्या दिवशी ती सुकेतादाकडे गेली. हा गुरुजींचा जुना विद्यार्थी. लहानपणी त्यांच्याच घरी जेवायचा, आता मंत्रिमंडळाच्या दफ्तरात मुख्य लेखनिक होता. त्यानं तिला बसायला आसन दिलं, आणि स्वतः मात्र उभाच राहिला.

‘दादाचा परतीचा हुकूम कधी निघतोय?’ तिनं विचारलं.

‘अगं, घोडं तिथंच तर अडलंय,’ सुकेतादा म्हणाला. ‘परतीचा हुकूम लिहायचा तर कोणत्या हुकमानं पाठवलं होतं ते आधी लिहावं लागतं. तारीख, शिक्का, कारण. तो कागद नाहीये.’

‘तुम्हीच जाळलात ना?’

‘मीच. या हातांनी शेगडीत घातला.’

‘मग नुसतं लिहा, यासुकाताला ओकीहून सोडा.’

‘ओकीला त्याला कुणी नेलं? केव्हा? दफ्तरात तो राजधानीतून हललेलाच नाही. मग तो आहे कुठे, तर तेही नाही. बावीस वर्षांच्या हजेरीत त्याचं नाव नाही, मेल्याची नोंद नाही. ताकिको, त्या कागदात शेवटच्या ओळीत तो होता हे मला ठाऊक होतं. टाकताना दिसलं मला. पण बाजूला डावे मंत्री उभे, उजवे मंत्री उभे, पुजारी मंत्र म्हणतायत. तिथं काय म्हणू, थांबा, कडेची एक ओळ कापून घेतो?’

‘म्हणायचं होतंत,’ ताकिको म्हणाली.

त्यानं तिला दारापर्यंत सोडलं.

तिला वाटलं, हा कारकुनी घोळ आहे, वरच्यांना सांगितलं की सुटेल. साधीच बाई ती. तिला वाटलं, ज्या देवाला हे लोक एवढे घाबरतात, त्या देवाचा मुलगा बेटावर खोकतोय म्हटल्यावर धावत सुटतील. ती उजव्या मंत्र्यांच्या वाड्यावर गेली. दारावर विलोच्या लाकडाची पाटी टांगलेली, अशुभ दिवस म्हणून आज घरात पाळणूक, कुणाला भेट नाही. चार दिवसांनी गेली, तर तिच्या घरापासून वाड्याची दिशा त्या दिवशी अशुभ म्हणून दारवानानं मागं फिरवलं. म्हणून पुढच्या खेपेला ती आदल्या दिवशीच दुसऱ्या टोकाला एका ओळखीच्या जोगिणीकडे जाऊन राहिली आणि तिथून, शुभ दिशेनं, आली. मग मात्र आत घ्यावंच लागलं.

मंत्री पडद्यामागे बसले. त्यांचं बोलणं खाजगीवाले बाहेर आणून सांगत. तिचं आत नेत. दोघांमध्ये हातभर अंतर, आवाज सरळ ऐकू येत होता, पण रीत म्हणजे रीत.

‘साहेब म्हणतात, देवांचा मुलगा बेटावर असेल, तर त्याला तिथं ठेवलं कुणी?’

‘आपणच,’ ताकिको म्हणाली. ‘म्हणजे दरबारानं.’

खाजगीवाले आत गेले, परत आले. ‘साहेब म्हणतात, दरबारानं देवांना लेखी कळवलंय की कुणाला कुठंही पाठवलं नव्हतं. आता त्यांचाच मुलगा वेशीतून चालत आला, सगळ्या गावानं पाहिला, तर देव काय समजतील? आपण त्यांच्याशी खोटं बोललो म्हणतील. आधीच युवराज गेलेत.’

‘देवाला ठाऊक नाही का त्याचा मुलगा कुठे आहे?’

मग मंत्री स्वतःच, रीत सोडून, म्हणाले, ‘बाई, त्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे आम्हाला ठाऊक नाही. म्हणूनच तर हात लावायचा नाही.’

तिचे अर्ज तीन वेळा परत आले, न उघडता, वर शुद्धीचं मीठ टाकलेले. कुरेनं ते मीठ झटकून बरणीत भरलं.

‘भरू दे की,’ ती म्हणाली. ‘मंत्र्याचं मीठ आहे. पांढरंशुभ्र.’

सातव्या महिन्यात ओकीच्या सुभेदाराचं पत्र दरबारात आलं. हद्दपार माणसाला रोज मापटंभर तांदूळ आणि चिमूटभर मीठ सरकारातून मिळतं. सुभेदारानं विचारलं होतं: नव्या यादीत यासुकाता नावाचा कैदी नाही, म्हणून आम्ही त्याचा शिधा बंद केला. तो माणूस रोज दारात येऊन म्हणतो, मी कियोताने देवांचा मुलगा, मला एकतर शिधा द्या नाहीतर घरी जाऊ द्या. कागदाशिवाय होडीत कुणाला बसवता येत नाही, कागदाशिवाय तांदूळ देता येत नाही. काय करावं?

दरबारानं त्याला काहीच उत्तर दिलं नाही.

ते पत्र घेऊन सुकेतादा भर दुपारी दलदलीत आला. चिखलातून झगा वर धरून येताना त्याला बघून कुरे म्हणाली, ‘या, या. मोठ्या दफ्तरातले बगळे आज आमच्याकडे.’ तो हसला नाही. त्यानं बांधावर बसून ताकिकोला पत्र वाचून दाखवलं. ती अळवाच्या वाफ्यात उभी होती, तशीच उभी राहिली.

‘शिधा बंद होऊन किती दिवस झाले?’

‘पत्र यायला तेवीस दिवस लागतात.’

ताकिको चिखलातच बसली. कुरेनं तिला काखेत हात घालून वर काढलं आणि बांधावर आणलं.

‘ऐक,’ सुकेतादा म्हणाला. ‘त्याच्या असण्याचा आता जगात एवढा एकच कागद आहे, हा. यावर मी कालपासून डोकं खाजवतोय. आठव्या महिन्यात सालाचं नाव बदलणार, युवराजांच्या मृत्यूचं अशुभ जावं म्हणून. नव्या नावाबरोबर मोठी माफी असते. झाडून सगळे कैदी सुटतात. राजद्रोह, जारणमारण आणि आईबापांचा खून एवढं सोडून.’

‘मग दादा सुटेल?’

‘तो कैदी नाही ना. कैदी नसलेला माणूस सुटत नाही.’

‘मग?’

‘त्याला कैदी करावं लागेल. नव्यानं. ताजा गुन्हा, ताजा हुकूम, ताजा शिक्का. आणि मग तो हुकूम माफीत निघून जाईल.’

कुरे तोंडाला बाही लावून म्हणाली, ‘ऐकलं का, आता पोराला गुन्हा नेसवायचा म्हणतात.’

पण ताकिको ऐकत होती. ‘कोणता गुन्हा?’ तिनं विचारलं.

आणि मग दोघांनी, बांधावर बसून, बाजारात कापड निवडावं तसे गुन्हे निवडले. चोरी? फटक्यांवर भागतं, आणि फटके त्याच्यानं सोसवणार नाहीत. मारामारी? अंगात त्राण नाही, कुणाला पटेल. जारणमारण माफीत बसत नाही. हलका नको, भारी नको. शेवटी सुकेतादा म्हणाला, ‘एक आहे. भाकड गोष्टी पसरवून लोकांना भुलवणं. त्याला दूरची हद्दपारी. आणि पुरावा सुभेदारानं स्वतःच लिहून पाठवलाय. मी देवाचा मुलगा, असं तो रोज दारात येऊन सांगतोय.’

‘पण तो आहेच देवाचा मुलगा.’

‘हो,’ सुकेतादा म्हणाला. ‘म्हणून कुणीतरी शपथेवर सांगायला हवं, की तो त्यांचा मुलगा नव्हे. देवांच्या घरातलं कुणीतरी. आणि शपथ त्यांच्याच देवळात.’

देवांच्या घरात म्हणजे कोण, हे तिघांनाही ठाऊक होतं.

‘त्याला आधी कळवता येईल?’ ताकिकोनं विचारलं.

‘पत्रं वाटेत उघडतात. एक शब्द जरी लिहिलास तर तू, मी, तो, तिघंही गेलो.’

‘म्हणजे त्याला हुकूम वाचून दाखवतील तेव्हाच कळणार, की बहिणीनं शपथ घेतली, हा माझा कुणी लागत नाही.’

‘हो.’

‘आणि तो कैद्यांच्या यादीत आला, पण माफी येण्याआधीच मेला, तर हे ऐकूनच मेला.’

सुकेतादानं पत्राची घडी घातली. मग म्हणाला, ‘तुला कधी बोललो नाही. गुरुजींच्या हुकमाची अस्सल प्रत मी लिहिली होती. तेव्हा माझं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं. त्यांनीच वळवलं होतं ते. मी लिहिलं आणि वाळू टाकून सुकवलं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो.’

‘मग आता हाही तुम्हीच लिहा,’ ताकिको म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता असं नाही. राग होताच. बापाला कुणीतरी खोटं सांगून बुडवलं होतं, आणि आता त्याचीच पोर देवळात उभी राहून भावाविरुद्ध खोटं सांगणार होती. ज्या लोकांना तिनं बावीस वर्षं शिव्या घातल्या, त्यांच्याच रांगेत ती जाऊन बसणार होती. दोन दिवस तिनं अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, तिकडे तोही जेवत नाही, आणि त्याला तर माझ्यासारखं कुणी वाढायलाही नाही. ती उठली.

नव्या देवळाच्या लाकडाचा वास अजून ओला होता. चौकशी अधिकारी जाडगेला, उन्हानं हैराण झालेला. बरोबर दोन कारकून, एक पुजारी. आभाळ भरून आलेलं होतं, त्यामुळे सगळे आधीच धास्तावलेले.

‘आपल्याला भाऊ होता?’ अधिकाऱ्यानं विचारलं.

‘होता.’

‘कुठे आहे?’

‘गेला,’ ती म्हणाली. ‘लहानपणीच.’

‘ओकीवर जो माणूस यासुकाता असं नाव सांगतो, त्याला ओळखता?’

‘नाही.’

‘त्यानं असं का करावं, काही अंदाज?’

‘भुकेनं माणूस काहीही सांगतो,’ ताकिको म्हणाली. हे एवढं मात्र ठरवून ठेवलेलं नव्हतं, आपोआप तोंडातून निघालं. आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

पुजाऱ्यानं शपथेचा कागद समोर ठेवला. हे खोटं असेल तर देवांची शिक्षा माझ्या अंगावर पडो. तिनं वाचायला सुरुवात केली तसे अधिकारी, कारकून, पुजारी हळूहळू मागे सरकले, छपराबाहेर, झाडापासून लांब, एकमेकांपासूनही लांब. ती एकटी देव्हाऱ्यासमोर राहिली. सगळं वाचून झालं. नाव लिहिलं. मग ती बाहेर अंगणात आली, मधोमध उभी राहिली आणि वर बघितलं.

काही झालं नाही. थेंब पडला नाही, साधं गडगडलंही नाही.

हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला बापाचा भयंकर संताप आला. बाबा, ती मनात म्हणाली, परक्यांच्या छपरावर पडता, कुणाच्या युवराजाला नेता, आणि तुमच्या पोराला मी तुमच्यासमोर नाकारलं तर तुम्हाला एक शब्द नाही? एवढे मोठे देव झालात, तर बेटावर मूठभर तांदूळ टाकता आला नाही?

‘शपथ खरी,’ अधिकारी लांबूनच म्हणाला, घाम पुसत. ‘चला, आटपा.’

हुकूम चार दिवसांत निघाला. शिक्षा, दूरची हद्दपारी. ठिकाण, ओकी. एका कारकुनानं विचारलं म्हणे, पण तो ओकीतच आहे. तर वरून उत्तर आलं, मग होडीचा खर्च वाचला. माणसाचं नाव लिहायचं नव्हतं, कारण ते देवाच्या मुलाचं नाव होतं. ‘अनामिक भोंदू’ असं लिहिलं. आणि हुकूम निघाल्याबरोबर शिधाही मंजूर झाला, ती मंजुरी हुकमासोबतच गेली. ताकिकोला हे कळलं तेव्हा ती चुलीपाशी बसून रडली. कुरे म्हणाली, ‘आता रडतेस? आता तर जेवणार तो.’

आठव्या महिन्यात सालाचं नाव बदललं आणि माफी निघाली. तिची प्रत घेऊन घोडेस्वार निघाला, पण आठवडाभर वादळ होतं, किनाऱ्यावर होड्या उलथ्या पडल्या. नववा महिना लागला. नववा सरत आला. सुकेतादाला विचारून विचारून त्याला तोंड चुकवायची वेळ आली. ताकिको सकाळी उठायची ती वारा कुठला आहे ते बघायला. राजधानीत बसून ओकीच्या समुद्राचा वारा कसा कळणार, पण ती बघायची. हुकूम ऐकून दादानं काय केलं असेल, हा विचार तर तिनं मनात येऊच द्यायचा नाही असं ठरवलं होतं. येत होताच तो. अळू खणताना, पाणी भरताना.

दहाव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक शिपाई आला, आणि त्याच्या मागे एक म्हातारा. ताकिको ओसरीवर होती. त्या म्हाताऱ्याला तिनं ओळखलं नाही, हे खरं सांगायला हवं. दात गेलेले, केस पांढरे, पायात गवताच्या चपला. तो खोकला आणि लहानपणी धरायचा तसं तोंडापुढे मनगट उलटं धरलं, तेव्हा ओळखलं.

‘हा सुटलेला,’ शिपाई म्हणाला. ‘नियम असा की राजधानीत राहायचं तर कुणीतरी आपल्या घरात नोंदवून घ्यावं लागतं. नसेल तर वेशीबाहेर भिकाऱ्यांत. हा म्हणतो इथं विचारा. मला काही समजेना, देवांचं घर हे, आणि यानंच तर देवांचं नाव सांगून गोंधळ घातला होता. बाई, तुमच्या शपथेची नक्कल माझ्याकडे आहे. तुमचा कुणी लागतो का हा?’

ताकिकोचं तोंड उघडलं. हो म्हणावं, तर शपथ खोटी, माफी खोटी, आणि तो परत त्याच समुद्रात. नाही म्हणावं, तर आज रात्रीपासून तो वेशीबाहेर, हिवाळ्यात. तिनं चार महिने काय काय विचार केला होता, पण या एका दिवसाचा केला नव्हता. सुकेतादानंही केला नव्हता, एवढा हुशार लेखनिक असून.

‘तिचा कोण लागणार?’ मागून कुरे म्हणाली. हातातली गवताची केरसुणी टाकून ती पुढे आली आणि म्हाताऱ्याच्या थोबाडीत दिली. जोरात. ‘मेल्या, तीस वर्षांनी आलास? बापाशी भांडून गेलास तो गेलास. आणि गेलास तर गेलास, तिकडे जाऊन मालकांचं नाव घेऊन सोंगं करतोस? अहो शिपाईदादा, माझं आहे हे कार्टं. माझ्या अंगावर प्यायलेलं.’

शिपाई दोघांकडे बघत राहिला. ‘तुझा मुलगा? शपथ घेशील?’

‘सांग कुठल्या देवळात. याला मी दूध पाजलंय, दोन वर्षं पाजलंय. हे खोटं असेल तर आत्ता वीज पडू दे माझ्यावर.’

शिपाई घाईनं म्हणाला, ‘राहू दे, राहू दे. इथं नको.’ त्यानं कागद काढला आणि लिहून घेतलं: कुरे दाईचा मुलगा. घरातला नोकर. मग ताकिकोला विचारलं, ‘बाई, ठेवून घेताय ना?’

‘मागल्या दारानं आण त्याला,’ ताकिको म्हणाली. ‘पाय धुऊ दे आधी.’

शिपाई वळणाआड जाईपर्यंत ती ओसरीवरच थांबली. मग ती ओसरीवरून उतरली, अनवाणी, आणि मागच्या अंगणात गेली. तो दगडावर बसला होता आणि कुरे त्याच्या पायांवर गरम पाणी घालत होती, शिव्या देत आणि रडत.

‘दादा,’ ताकिको म्हणाली.

‘हळू, बाईसाहेब,’ तो म्हणाला. ‘कुंपण विरळ आहे.’

ती त्याच्याजवळ मातीत बसायला लागली, तर त्यानं हातानं नको म्हटलं. खाली बघत, ओठ न हलवता बोलला, बावीस वर्षं पहारेकऱ्यांसमोर बोलायची सवय असावी. ‘हुकूम वाचला तेव्हा मी तुझ्या नावानं थुंकलो. खोटं का सांगू? सहा दिवस शिव्या दिल्या. नंतर सुभेदाराच्या कारकुनानं कागद भिंतीला लावला, तेव्हा अक्षर पाहिलं. सुकेतादाचं. म्हटलं, हा एवढं मन लावून दोनदा कशाला मला बुडवेल. मग तांदूळ आला. तेव्हा कळलं.’

‘मी बाबांसमोर म्हणाले, तू—’

‘ठाऊक आहे काय म्हणालीस. वर जाऊन बसा आता.’

कुरेनं त्याच्यासमोर पेजेचं वाडगं ठेवलं. ‘खा रे माझ्या लेकरा,’ ती म्हणाली, कुंपणापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि ताकिकोला, देवाची मुलगी असून, त्या म्हातारीचा हेवा वाटला. कुरेला एकटीलाच आता त्याला आपलं म्हणायची मुभा होती. ताकिको वर जाऊन बसली.

दहा दिवसांनी दरबाराचा दूत आला, या वेळी मोठा, पालखीतून, बरोबर सहा माणसं. हिवाळ्याच्या तोंडावर राजवाड्यात पुन्हा कुणाला ताप आला होता, म्हणून देवांना आणखी एक पायरी वर चढवली होती. ताकिकोनं ओसरीवर गुडघे टेकले. खाली अंगणात नोकरांनी मातीला कपाळं लावली. नोकर दोनच होते, एक म्हातारी आणि तिचा मुलगा.

दूतानं लांबलचक वाचलं. शेवटी गुंडाळी बंद करून, जरा मायेनंच, म्हणाला, ‘देवांच्या रक्ताचं आता जगात तुम्ही एकट्याच उरलात, बाई. तब्येत सांभाळा. तुमच्यानंतर कुणी नाही. हे देवांना कळवायच्या कागदात लिहावं लागतं, म्हणून विचारतो. बरोबर आहे ना?’

खाली अंगणात यासुकाताला खोकल्याची उबळ आली होती. तो ती मातीत तोंड दाबून धरत होता, त्याचे खांदे हलताना तिला डोळ्यांच्या कडेनं दिसत होते.

‘बरोबर आहे,’ ताकिको म्हणाली. ‘कुणी नाही.’

दूतानं लिहून घेतलं.